मधल्या खोलीतली खुर्ची

बापू,

घरात एकूण सहा खुर्च्या आहेत. चार बाहेर ओट्यावर, एक टीव्हीसमोर, एक तुमच्या खाटेजवळ. मधल्या खोलीत एकही नाही, आणि नेट फक्त तिथेच येतं. म्हणून वहिनी गेली चार वर्षं रोज सात तास जमिनीवर बसून, लॅपटॉप पाटावर ठेवून ऑनलाइन पेपर तपासते. मी कोनमापकाने मोजलं. तिची मान पंचावन्न अंश वाकते. टेबल-खुर्चीवर बसवून पाहिलं तर पंधरा.

दिवाळीत मी एक खुर्ची आत नेली होती. तुम्ही म्हणालात, “आपला घरमा वहू सासरासमोर खुर्चीवर बसत नही.” वहिनीने ती स्वतःच परत ओट्यावर ठेवली. मीही ती पुन्हा आत आणली नाही.

आज सकाळी तिच्या उजव्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. बोटं महिनाभरापासून बधिर आहेत, हे मला तेव्हा कळलं. “मयूरीताई, बापूसले काही सांगू नका,” एवढंच ती म्हणत होती. मानेतली नस दबली असेल, म्हणून मी तिला शहाद्याला डॉक्टरांकडे नेते आहे. भाकरी टोपलीत आहे, भाजी गरम करून घ्या.

तुमची खुर्ची आणि माझं अभ्यासाचं टेबल मधल्या खोलीत लावलं आहे. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवलाय, म्हणजे स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर येते. कीबोर्ड वेगळा जोडलाय. दर अर्ध्या तासाने तिला उठायला सांगत जा. तिथलं काही हलवू नका.

निघण्याआधी हातांची पकड मोजायला तुमच्या बीपी मशीनचा पट्टा गुंडाळून, वीसपर्यंत हवा भरून, तिला मुठीत दाबायला लावला. डाव्या हाताने काटा एकशे नव्वदवर गेला. उजव्या हाताने जेमतेम चाळीसवर.