चारांतला तिसरा

प्रिय ठमे,

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. सगळं ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण छापखान्यातलं बाइंडिंगचं काम अजून सोडलेलं नाही.

गेल्या आठवड्यात एक जुनी पोथी बांधायला आली. पानं लावता लावता वाचत बसले. धर्म, अर्थ, काम, मोक्ष. लहानपणापासून पाठ आहेत, पण तिसऱ्यापाशी जीभ नेहमी घाईने पुढे सरकायची. या वेळी थांबले. काम म्हणजे निव्वळ पापच असतं, तर जुन्या जाणत्यांनी त्याला मोक्षाच्या शेजारी बसवलं असतं का? धर्म सोडू नकोस, एवढीच अट. म्हणजे कुणाला फसवू नकोस, कुणाचं ओरबाडू नकोस. तू यातलं काय केलंस? लग्नाआधी, ज्याच्यावर जीव जडला त्याच्या घरी राहायला गेलीस, तेही मला सांगून. मी मात्र शेजारपाजार ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाले, हे वासनेचे चाळे आहेत, भोगशील कर्माची फळं.

आता कधीच न सांगितलेलं सांगते. तुझे बाबा गेल्यावर तीन वर्षांनी आमच्या फोरमनने मला लग्नाचं विचारलं होतं. माझ्याही मनात होतं. त्यांच्या हातांचा शाईचा वास घरी आल्यावरही माझ्या नाकातून जायचा नाही. मी पापाला घाबरून नाही म्हटलं, आणि त्या भीतीलाच पुण्य समजत राहिले. तू हसत हसत बॅग भरत होतीस, तेव्हा मला धर्मबिर्म काही आठवला नव्हता, ठमे. माझ्या पोटात दुखलं होतं.

पुढच्याच वर्षी तुझं बाळ पोटातच गेलं. मी आले नाही. माझी जीभ खरी ठरली असं तुझ्या मनाने घेतलं असेल, हे कळत असूनही गप्प बसले. माझ्या हातून पाप घडलं असेल, तर ते हे.

काल जावईबापूंचा फोन आला. हो, जावईच म्हणतेय. म्हणाले, तिसरा महिना लागलाय, पण ती हसत नाही. रोज विचारते, आई म्हणाली तसं हेही जाईल का? म्हणून लिहायला बसले. पोरी, ते कशाचंही फळ नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच खरं, गर्भ नीट धरला नव्हता. तू नुसतं प्रेम केलंस. माझं बोलणं मी मागे घेते, एकेक शब्द. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. दार नाही उघडलंस, तर पायरीवर बसेन. मला परतायची घाई नाही.

तुझीच, आणि आता तरी तुझ्याच बाजूची,
आई