चार बोटे, अंगठा आत

सोमवार, ३ जून. संध्या. ७.

आज घडलेले, क्रमाने:

१. पहाटे ५.३८. नवी बस आली, क्रमांक चार. वेळेवर.
२. आमच्या मदरवेल वस्तीच्या थांब्यावर आम्ही अकरा जण. अकराही जणांकडे बेरोजगारांचे सवलत कार्ड, म्हणजे कारखान्यांच्या पट्ट्यापर्यंत अर्धे भाडे. सगळ्यांनी सवयीने एक बोट वर केले.
३. एक बोट वर म्हणजे शहराकडे जाणारी टॅक्सी, वाटेत माणसे भरत जाणारी व्हॅन. बस पुढे निघून गेली. टॅक्सी थांबली.
४. टॅक्सीत कोणी चढले नाही. चालकाने आमच्या आयांबद्दल आपले मत सांगितले.
५. साखुमझीबाबा (वय ५८, बॉयलर जोडणारे, चार वर्षे काम नाही) धावत जाऊन पुढच्या चौकात रेंगाळलेल्या बससमोर आडवे उभे राहिले. बस थांबली. चढलो.
६. ५.४४. मागच्या काचेतून वीट आत. शेजारी बसलेल्या पुमेझाच्या कानामागे जखम. रक्त माझ्या उजव्या बाहीवर.
७. ६.४४. कारखान्याच्या फाटकात. मुदत ६.४५.

निष्कर्ष: अडचण खुणेची आहे. टॅक्सीला हाताच्या खुणा आहेत, बसला नाही. विटेचा प्रश्न (अर्ध्या भाड्याच्या बसवर टॅक्सीवाल्यांचा राग) वेगळा. तो पोलिसांचा.

मोजमाप-यंत्रांच्या देखभालीचे शिकाऊ पद. चार आठवडे परीक्षेचा काळ. तीनदा उशीर झाला की नाव कट, असे कारखान्यातले ओलिफंटसाहेब म्हणाले. मला एकदाही होणार नाही.

मंगळवार, ४ जून

खूण तयार. चार बोटे वर, अंगठा तळव्यात दुमडलेला. बस क्रमांक चार म्हणून. शंभर मीटरवरून दिसते, हातमोज्यातही. इथल्या टॅक्सीच्या आठ खुणा तपासल्या, एकीशीही घोटाळा होत नाही. थांब्यावर सगळ्यांना शिकवली. साखुमझीबाबांना तीनदा दाखवावी लागली, त्यांचा अंगठा बाहेर राहतो. पुमेझाच्या कानाला पट्टी आहे. ती म्हणाली, इंजिनीअरबाईंनी आता वीट थांबवायचीही एक खूण काढावी. दुर्लक्ष केले.

गुरुवार, ६ जून

दोन दिवस, अकरा जण, एकही चूक नाही. चालक फाल्टेनकाका लांबूनच दिवा मिचकावतात. फाटकात ६.३९.

जेवताना (मका-घेवडा) मामाने खुणेबद्दल विचारले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ म्झोलिसी. आमच्याच आवारात मागच्या खोलीत राहतो, स्वतःची टॅक्सी चालवतो, टॅक्सी संघटनेत आहे. मी वहीत आकृती काढून दाखवली. त्याचे प्रश्न नेमके होते. अंगठा आतच ना. किती जण करतात. बस दिसल्यावर करतात की आधी. मग पान फाडून घडी करून खिशात ठेवले. मामाला तांत्रिक विषयात गती आहे. संधी मिळाली नाही एवढेच.

शुक्रवार, ७ जून

बस दिसली, हात वर झाले, आणि पांढऱ्या गाडीतून तीन माणसे उतरली. चाबूक. आज नऊ जण होतो, नऊही जणांना मारले. शेजारी टॅक्सीसाठी एक बोट वर करून उभ्या असलेल्या बाईंना धक्काही लागला नाही. त्यांना तर "मावशी, जरा बाजूला व्हा" असे सांगितले. म्हणजे खूण अनोळखी माणसालाही एका नजरेत कळते. अचूकता शंभर टक्के.

मला पाठीवर दोन. शर्ट आतून चिकटला होता, दुपारी सुटला. फाटकात ६.५२. उशीर एक. गृहीत धरलेले नव्हते, पण मर्यादेत आहे.

संकल्प: उद्या पोलीस ठाणे. मग हा विषय संपला.

शनिवार, ८ जून

ठाण्यात दोन तास. हवालदाराने विचारले, मारणारे कोण. टॅक्सीवाले, असे म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवले. त्याच्या मेहुण्याच्या दोन टॅक्सी आहेत म्हणे. मग पेन पुन्हा उचलून विचारले की मी कुठे पडले होते का. तक्रारीचा क्रमांक सोमवारी मिळेल. यंत्रणा सुरू झाली आहे.

रविवार, ९ जून

खूण, आवृत्ती दोन: उजवा तळवा उजव्या कानावर. गुप्त. अकरा कार्डधारकांपलीकडे कोणाला नाही. घरोघर जाऊन सांगितली.

अंगणात सराव करताना मामाने विचारले, कान दुखतोय का. खोटे बोलणे मला जमत नाही, आणि घरच्या माणसांत लपवाछपवी पोरकट वाटते. सांगितले. मामाने आवाराचे दार लावून घेतले. मग म्हणाला, "मंगळवारी ताप येऊ दे तुला." मला ताप नाही, असे मी सांगितले. "नसला तर आण." हिवाळा आहे, थंडी वाढली आहे. त्याला माझी काळजी असते.

मंगळवार, ११ जून

ताप ३६.६ अंश सेल्सिअस, म्हणजे नाही. गेले.

पाच माणसे, लोखंडी पाइप. बाकीच्यांनी कान धरले होते, त्यांनाही बरोबर ओळखले. साखुमझीबाबांनी गडबडीत जुनीच खूण केली. अंगठा या वेळी बरोबर आत होता. एकाने त्यांचा हात कट्ट्यावर दाबून धरला, दुसऱ्याने पाइप हाणला. दोनदा. करंगळी आणि तिच्या शेजारचे. मारणारा शांतपणे म्हणाला, "आता दोनच दाखव, म्हाताऱ्या."

हाड मोडल्याचा आवाज पाइपच्या आवाजाहून लहान असतो.

मामाची टॅक्सी रस्त्यापलीकडे उभी होती. इंजिन चालू, दिवे बंद. प्रवाशांची वाट पाहत असणार. मला कोणी हात लावला नाही. हे बाकीच्या निरीक्षणांशी जुळत नाही. कारण शोधायचे.

साखुमझीबाबांना इस्पितळात सोडून फाटकात ७.२०. उशीर दोन.

गुरुवार, १३ जून

परतीची बस. शाळेजवळच्या वळणावर टायर पेटवून ठेवले होते. फाल्टेनकाकांनी वेग कमी केला, आणि पुढच्या दारातून पेट्रोलची बाटली आत आली. मागचे दार हवेच्या दाबावर चालते, ते अडकले. दाब सोडायची कळ बाकाखाली असते, हे मला माहीत होते. कळ ओढली. चाळीस सेकंदांत सगळे बाहेर.

फाल्टेनकाका शेवटी उतरले. स्टिअरिंगचे वितळलेले प्लास्टिक तळव्यांना चिकटले होते. त्यांनी विचारले, सगळे उतरले का, मोजून सांग. मी मोजले. दोनदा मोजावे लागले. पहिल्यांदा आकडा चुकला. थंडी.

कळ पहिल्याच ओढीत सुटली. देखभाल चांगली होती.

शुक्रवार, १४ जून

बस नाही. पावाच्या गाडीत बसून गेले. फाटकात ६.४१. नव्या परिस्थितीशी जुळवून घेतले आहे.

सोमवार, १७ जून. सुट्टी.

पुमेझा आवारात आली. शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलली. म्हणणे असे की अकरा जणांपैकी एकानेही खूण फोडलेली नाही, तिने प्रत्येकाच्या दारात जाऊन विचारले आहे. मी म्हटले, दाखवणे वेगळे आणि फोडणे वेगळे. ती एकदम हळू बोलू लागली. "सगळ्यांना मारलं मंगळवारी. तुला नाही. एवढं मोजतेस ना खन्यिस्वा, ते मोज." आणि मागच्या खोलीकडे बघून थुंकली.

तिचा तर्क अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे. मागच्या खोलीचा पडदा हलला. वाऱ्याने.

मंगळवार, १८ जून

चार क्रमांकाची बस बंद. पुढील सूचनेपर्यंत. पावाची गाडीही आता कोणाला घेत नाही, टॅक्सीवाले त्यांना सांगून गेले आहेत.

टॅक्सीच्या अड्ड्यावर गेले. पूर्ण भाडे हातात. तिथल्या मुकादमाकडे यादी आहे, चार बोटे दाखवणाऱ्यांची. कोणत्याही टॅक्सीत घ्यायचे नाही. माझे नाव पहिले. त्याने ते मोठ्याने वाचले आणि रांगेतल्या लोकांनी माझ्यापासून एक पाऊल बाजूला घेतले.

मामाची टॅक्सी रांगेत तिसरी होती. मी दार उघडून बसले. तो समोरच्या काचेकडे बघत राहिला.

"उतर, बाळ. तू बसलीस तर ही गाडी जळेल."

मी विचारले, आकृती कोणाला दिली. तो म्हणाला, त्याच रात्री समितीपुढे ठेवली, नाहीतर बसची खूण याच्याच घरातून निघाली, असं समितीवाले म्हणाले असते. दुसरी खूण सांगताना मात्र तुला मारू नका, एवढं एकच मागून घेतलं. मग म्हणाला, समितीला पत्र लिही, तुला लिहिता येतं.

उतरले.

ओलिफंटसाहेबांना फोन केला. हा आठवडा बिनपगारी रजा धरतील. सोमवारी ६.४५ ला फाटकात नसेन तर जागा दुसऱ्याला. कारखाना २४ किलोमीटर.

बुधवार, १९ जून

मसुदा. हा माफीनामा नाही. केवळ कामकाजाचे पत्र आहे. सहा वेळा लिहिले.

टॅक्सी संघटनेच्या समितीस,

खूण मी तयार केली. आकृती मी काढली. दोन्ही खुणा माझ्या घरातून बाहेर गेल्या, मी सांगितल्यामुळे. बाकी दहा जणांनी मी शिकवले तेवढेच केले. त्यांची नावे यादीतून काढावीत. साखुमझीबाबांचे आधी, कारण त्यांना दर गुरुवारी हाताची पट्टी बदलायला इस्पितळात जावे लागते.

मला सोमवार, २४ जून रोजी सकाळी ६.४५ ला कारखान्याच्या फाटकात पोहोचायचे आहे. पूर्ण भाडे देईन. सवलत कार्ड सोबत जोडले आहे, परत नको.

मला टॅक्सीत बसू देणार की नाही, ते कृपया शनिवार, २२ जून, दुपारी चारपर्यंत कळवावे.