मागच्या खोलीचा रंग

२ फेब्रुवारी, रविवार

भीमा पेंटर रंगांचं पुस्तक ठेवून गेला. केवढं जाड! आत शेकडो रंग आणि एकाचंही नाव धड उच्चारता येत नाही. मग मीच नावं ठेवली — मोतिया, अबोली, आमसुली, चिंतामणी. साडीला चालतात ती नावं भिंतीला का चालू नयेत?

ह्यांचा प्रत्येक पानाला एकच प्रश्न. "मळखाऊ हाय का?" पेरूच्या बागेतून चिखलाच्या पायांनी थेट घरात येणारा माणूस दुसरं काय विचारणार!

हॉल मोतिया ठरला. स्वयंपाकघर अबोली, तेही पुसता येईल असं चमकवालं. वरची खोली आमच्या मुलाची, हर्षलची. त्याचा रंग तो पुण्याहून कळवणार — साहेब! गाडं अडलं ते मागच्या खोलीवर. मी म्हणाले, ही ज्ञानेश्वरीची. हे लगेच — "लेकीला कशाला खोली? पाव्हण्यांची म्हन. लोकं इचारतील, पोरगी परत आनायची हाय का?"

परत आणायची कशाला? पण माहेरी आल्यावर तिने अजून किती दिवस हॉलमध्ये गादी टाकायची? एवढं घर बांधलं, आणि लेकीला एक दार नको?

४ फेब्रुवारी

श्रीरामपूरला तिला फोन केला. किती हौसेने सांगत होते — खिडकीतून बाग दिसते, तुला कोणता रंग लावू? ती म्हणाली, "कुठलाही लाव. मी काय तिथं राहायला येणार आहे?" मागून विहीणबाई हसल्याचं ऐकू आलं.

राग आला. लाव म्हणे कुठलाही!

५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं, घ्या, करा तुमच्या मनासारखं. आता मागची खोली धान्याची. भिंतींना अर्ध्यापर्यंत चॉकलेटी ऑइलपेंट — पोती टेकली तरी डाग दिसायला नको. मळखाऊ जिंकला.

११ फेब्रुवारी

चॉकलेटी लावून झाला. भरदुपारी त्या खोलीत दिवा लावावा लागतो. हे खूश!

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी भाकरी करत होते. मोबाईल वाजला. ज्ञानेश्वरीचा मेसेज — "आई, रंगाचं राहू दे. त्या खोलीला आतून कडी आहे ना?"

पिठाचे हात पुसून उत्तर लिहायला घेतलं, तर मेसेज गायब. तिनेच पुसून टाकला होता. फोन लावला, उचलला नाही.

हे कसलं विचारणं? लोक टाइल्स विचारतात, पंखा विचारतात. कडी कोण विचारतं?

उठून पाहिलं. त्या दाराला आतून कडी नाही! भीमा म्हणाला, "काकू, पोत्याच्या खोलीला आतनं कशाला? भायेरनं बसिवलीया की." बरोबरच आहे त्याचं. गहू काय आत बसून कडी लावणार आहे? तरी म्हटलं, आतून बसव. आजच्या आज.

तो पुटपुटत दुसरी कडी आणायला गेला. 

१९ फेब्रुवारी

घरभरणीचं बोलावणं करायला श्रीरामपूरला गेले. फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण लेकीच्या सासरी कुंकू लावूनच बोलावतात. बरं झालं, ही रीत आहे.

विहीणबाईंनी चहा दिला. "तुमची लेक लई हट्टी बरं का," म्हणाल्या, हसत हसत. मी म्हटलं, जरा साडी नीट करते. ज्ञानेश्वरीच्या खोलीत गेले. दार लोटलं आणि कडीला हात घातला. कडी नव्हती. जिथे असते तिथे नुसती स्क्रूची भोकं.

ती मागे येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "दिवाळीत काढली त्यांनी. मी आत बसून रडते म्हणून." मग म्हणाली, "फोनपण तेच बघतात, आई. काही लिहू नकोस." मी रंग विचारला त्या दिवशी फोनवर स्पीकर लावलेला होता म्हणे. सासू शेजारी बसली होती. आणि मी इकडे चॉकलेटी लावून मोकळी झाले!

तिला तिथेच सोडून आले. जावयांची गाडी फाटकात शिरत होती, तिने डोळ्यांनीच सांगितलं — जा. बसमध्ये पदर तोंडात धरून बसले होते.

२० फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "घरभरनी हू दे. मग समजुतीनं घिऊ." चार लोक, जावयाचा मान! त्या चार लोकांच्या खोल्यांना कड्या आहेत.

भांडले नाही. पण हे जेवले नाहीत, तेही पाहिलं.

२२ फेब्रुवारी

भीमाला सांगितलं, मागची खोली पुन्हा रंगवायची. त्याने कपाळाला हात लावला. "ऑइलपेंटवर दुसरा रंग धरत न्हाई काकू. समदं घासावं लागंल." म्हटलं, घासू. एक भिंत मी घासली. नाकातोंडात चॉकलेटी भुकटी. दुपारी हे आले, दारात उभे राहिले, आणि दुसरा पॉलिश पेपर उचलला.

पोती कुठे ठेवायची विचारलं तर म्हणाले, "पडवीत."

२४ फेब्रुवारी

भीमा विचारतो, आता रंग कोणता? मी पुस्तक घेऊन बसले. आणि लक्षात आलं, ज्ञानेश्वरीला कोणता रंग आवडतो ते मला माहीत नाही! लहानपणापासून फ्रॉक माझ्या आवडीचे, लग्नातला शालूही मीच निवडलेला. तिला विचारायला गेले तर फोन दुसऱ्याच्या हातात. आई म्हणवते मी आणि एवढं ठाऊक नाही. फार वाईट वाटलं.

नुसता पांढरा प्रायमर मारायला सांगितला. रंगाचे पुढचे हात तिला विचारून.

६ मार्च, गुरुवार

घरभरणी झाली. जेवणं झाली. सगळं गाव खोल्या बघून गेलं. साळूबाई जाऊबाईंनी विचारलंच — "ही कोरीच ठिवली व्हय? रंग कमी पडला का?" म्हटलं, व्हय, कमी पडला.

ज्ञानेश्वरी जावयांबरोबर आली होती. त्या खोलीत गेली. आतून कडी लावल्याचा आवाज आला. मी दाराबाहेर पाट टाकून बसले आणि कोणाला तिकडे फिरकू दिलं नाही. "पोर दमलीये," म्हणत राहिले. थोडं खोटंच. थोडं खरं.

आता लिहवत नाही.

७ मार्च

काल संध्याकाळी जावई म्हणाले, चला. लेक सासरी निघाली की ओटी भरतात. तांदूळ, नारळ, खण, सगळं ताटात होतं. ज्ञानेश्वरीने पदर पुढे धरला. मी तिच्याकडे पाहिलं आणि ताट देव्हाऱ्यापुढे ठेवून दिलं. म्हणाले, "आज ओटी भरायची नाही."

 जावई ह्यांच्याकडे बघायला लागले. हे उठले, बाहेर गेले, आणि जावयांच्या गाडीतून तिची बॅग काढून आणली.