आसनापाशी थांबलेली माणसं

असोदा,
२१ नोव्हेंबर १९९९

प्रिय मंजुळा,

तुझं उत्तर आलेलं नाही, तरी लिहिते आहे. भिकनभाऊ गेले, तुझा संसार अर्ध्यावर मोडला, तेव्हापासून मी पाठवलेल्या पत्रांमध्ये सगळी समजूतच घातली होती. आज तसलं काही लिहिणार नाही. इथे असं काही घडलंय की मी अजून भानावर नाही, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जळगावला नव्या पेठेत संगणकाचा क्लास चालवणारे रुपचंदभाऊ आहेत, आमच्या ह्यांचे मित्र. उन्हाळ्यात त्यांनी आमच्या केळीच्या वेफर्सची वेबसाइट करून दिली. म्हणजे दुकानाची पाटीच म्हण, पण जगात कुणालाही आपल्या संगणकावर उघडून वाचता येईल अशी. पाकिटांचे फोटो झाले, भाव झाले, कढईपाशी उभे असलेले आमचे हेही झाले. एक पान उरलं होतं. भाऊ म्हणाले, केळीचंच आणखी काही असेल तर द्या. मी तुझं आसन काढून दिलं. माझ्या लग्नात तू दिलेलं, केळीच्या खोडाच्या सोपटातून वाखाचा धागा काढून स्वतः विणलेलं. धुळ्याच्या विणकामाच्या वर्गात आपण ओल्या खोडाचे पदर सोलत बसायचो, हात काळे पडायचे आणि मंदाबाई ओरडायच्या, ते आठवतं ना? फोटोखाली मी एवढंच लिहिलं, की हे माझ्या मैत्रिणीनं विणलंय.

दिवाळी आली, गेली. वेबसाइटवरून वेफर्सचं एक पाकीटही गेलं नाही. हे चिडले. म्हणाले, हा खेळ बंद करू आणि हायवेला मोठा बोर्ड लावू, येणारे-जाणारे ट्रकवाले तरी वाचतील. रंगाऱ्याला सांगूनही झालं होतं. तेवढ्यात रुपचंदभाऊंचा निरोप आला, बोर्ड लावण्याआधी एकदा इकडे येऊन जा.

क्लासमधल्या पडद्यावर त्यांनी आम्हाला एक तक्ता दाखवला. मंजुळा, त्या वेबसाइटवर जो कोणी येतो ना, त्याच्या पाऊलखुणा मागे राहतात. नाव नाही कळत, तोंड नाही दिसत. पण कुठल्या देशातून आला, काय शोधता शोधता आला, आधी कुठलं पान उघडलं आणि कुठून परत फिरला, हे सगळं तिथे उमटलेलं असतं. आम्ही समजत होतो की आमच्याकडे कुणी फिरकतच नाही. प्रत्यक्षात माणसं येत होती. केनियातून, ब्राझीलमधून, जपानमधून. वेफर्सचं पान उघडून लगेच निघून जायची, आणि तुझ्या आसनाच्या पानावर थांबायची. काही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची, सरळ त्याच पानावर. ती काय शोधत होती, तेही खाली होतं. केळीचा धागा. केळीच्या खोडाचं कापड. घड उतरवल्यावर जे खोड आपण तोडून बांधावर फेकतो, त्याच्यासाठी समुद्रापलीकडची माणसं आपापल्या घरात बसून विचारत होती आणि विचारता विचारता असोद्याला येऊन पोचत होती.

मी पडद्याकडे बघतच राहिले. बाजारात गिऱ्हाईक कशाला हात लावतं, काय खाली ठेवतं, हे मी रोज बघते. पण न दिसणाऱ्या माणसाची नजर कुठे खिळली, हे बघण्याची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली. हे रुपचंदभाऊंना म्हणाले, लोक आपल्याला काहीतरी सांगतायत आणि आपण हायवेला रंगारी पाठवतोय.

बोर्ड रद्द केला. भाऊंनी आसनाचं पान सगळ्यात पुढे आणलं आणि खाली लिहिलं, तुम्हाला याचं काय हवंय ते आम्हाला कळवा. आठवडाभरातच पत्रं आली, संगणकावरच. एका दुकानाला पिशव्या हव्यात, एकांना नुसता धागा चालेल. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्यांनी विळा खाली ठेवला आणि मागच्या बांधावर कुजत पडलेल्या खोडांकडे कितीतरी वेळ बघत बसल्या. गावातल्या चार-सहा बाया वाख काढायला शिकू म्हणतायत. पण शिकवणार कोण? मला सोलण्यापलीकडे काय येतं, तुला ठाऊक आहे.

आणि जपानमधल्या एका बाईंचं पत्र आहे. त्या स्वतः विणकर आहेत. त्यांच्या बेटावर केळीसारख्याच एका झाडाच्या धाग्याचं कापड विणतात, पण ते येणाऱ्या आता म्हाताऱ्या बायाच उरल्यात. त्यांनी तुझ्या आसनाचा फोटो मोठा करून पाहिला. विचारतात, ह्या बाईंनी धाग्याला धागा जोडताना गाठ मारली आहे की पीळ दिला आहे, आम्हाला गाठ दिसत नाही. ह्याचं उत्तर ह्या पृथ्वीवर फक्त तुझ्याकडे आहे.

हे सगळं मी सावकाश, तुझ्याकडे येऊनच सांगणार होते. पण काल पारोळ्याच्या स्टँडवर तुझा भाऊ वना भेटला. तुझं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "अक्का, ताईनी माग झाकी ठेवेल शे. आते गिऱ्हाईक बी येल शे." पुढचा महिना लागला की तो माणूस माग विकत घेऊन उचलून नेणार, असंही बोलला. एसटीत बसल्यापासून मला दुसरं काही सुचलेलं नाही. भिकनभाऊंच्या शेजारी बसून जिथे विणलंस तिथे एकटीनं बसवत नसेल, हे मला कळतं. तिथे बसू नकोस. माग इकडे आण, आमच्या कढईच्या शेडमागची खोली मी आज रिकामी केली आहे. नाहीच यावंसं वाटलं, तरी त्या माणसाला थांबव. शुक्रवारी पहिल्या गाडीनं मी धुळ्याला तुझ्याकडे येते आहे. त्या जपानच्या बाईंना मी तुझं नाव कळवलंय आणि लिहिलंय, की उत्तर ती स्वतः देईल.

तुझीच, वाट बघणारी,
कुंदा