बारा तर्कवेत्ते आणि एक भिंत

३ मे, सकाळी ६:१०
आजपासून रोजनिशी. या कामाची सुरुवात कशी झाली, असं पुढं कुणी विचारलं तर पुरावा हवा.
निर्णय: जगातल्या बारा थोर तर्कवेत्त्यांची चरित्रं आणि विचार मराठी कॉमिक्समधून मांडायचे. लेखक प्रा. अमरसिंह, तर्कशास्त्र विभागप्रमुख, ज्युनिअर कॉलेज, भूम. (विभागात मी एकटाच आहे. पण प्रमुख तो प्रमुख.) पानं दोनशे चाळीस. मुदत जूनअखेर. नंतर इंग्रजी आवृत्ती.
तातडीचं कारण: काल प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. गेल्या वर्षी अकरावीला तर्कशास्त्र घेणारे सात. त्यातले दोघं दिवाळीपर्यंत इतिहासाचा तास समजून बसत होते. यंदा वीस झाले नाहीत तर विषय बंद आणि मी अतिरिक्त. मग संस्थेच्या कुठल्या तरी शाळेत पाचवीला भूगोल. मी शांतपणे म्हणालो, सर, वीस काय, दोनशे येतील. त्यांनी चहा मागवला. म्हणजे पटलं.

४ मे
चित्रंही स्वतःच काढायची ठरवली. ॲरिस्टॉटल पूर्ण केला. बायकोनं, म्हणजे शुभांगीनं, बघितला आणि विचारलं, आमच्या थोरल्या मामांचं चित्र कशाला काढलंत?
लेखकानं चित्रात शक्ती घालवू नये. चित्रकार शोधणे.

७ मे
बंडप्पा पेंटर ठरला. एसटी स्टँडच्या मागं दुकान. एके काळी गावातल्या सगळ्या पाट्या यानंच रंगवलेल्या. फ्लेक्स आल्यापासून नंबरप्लेटा करतो. मूळचा सास्तूरचा. चिडला की कानडीत बोलतो. शिक्षण सातवी. हे एका अर्थी बरंच, आपल्याला मतं असलेला माणूस नकोच आहे.
पहिल्या पानाचा मजकूर दिला. त्यानं कागद लांब धरला, जवळ धरला. म्हणाला, "सर, फुग्यात एवढं लिवल्यावर माणूस कुठं काढू?"
साडेतीनशे शब्दच होते. माणूस फुग्याच्या मागं उभा आहे असं समज, म्हणालो. तो कानडीत काहीतरी बोलला.

१५ मे
योजनेत किरकोळ बदल. प्राचार्य पुस्तक छापणार नाहीत. कंपाउंडची भिंत देतो म्हणाले, स्टँडच्या बाजूची. नाहीतरी रंगवायचीच होती. मी खचलो नाही. भिंत म्हणजे एक फार मोठं पानच.
बाराऐवजी तीन तर्कवेत्ते. संख्येपेक्षा खोली महत्त्वाची.

१९ मे
रसेल पूर्ण. त्याचं प्रसिद्ध कोडं: गावात एक सलूनवाला आहे. जे स्वतःची दाढी स्वतः करत नाहीत त्या सगळ्यांची, आणि फक्त त्यांचीच, दाढी तो करतो. मग त्याची स्वतःची दाढी कोण करतं?
मी चार फुग्यांत संचसिद्धान्त दिला होता. बंडप्पानं तो गाळला. नुसता सलूनवाला, अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा, आरशाकडं बघत थबकलेला. चेहरा हुबेहूब रस्त्यापलीकडच्या सलूनवाल्या रामहरीचा.
दुपारी रामहरी स्वतः आला, खांद्यावर नॅपकिन. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता भांडण. पण तो म्हणाला, "सर, आसा माणूस गावात आसूच शकत न्हाय. करतो म्हणलं तरी खोटं, न्हाय करत म्हणलं तरी खोटं. ज्यानं ह्यो नियम केला त्योच चुकला."
मी हसलो. सामान्य माणसाला कोड्याची खोली कळत नाही. नीट विचार करून ये, असं सांगून पाठवलं.
संध्याकाळी पुस्तकात उत्तर तपासलं. साधारण तेच आहे, पण भाषा वेगळी.

२७ मे
फ्रेगेवरून वाद. बंडप्पाला सगळं समजावून सांगितलं: जर्मनीतला हा गृहस्थ, सगळं अंकगणित तर्काच्या पायावर उभं करण्यात आयुष्य घातलं, दुसरा खंड छापायला गेला आणि रसेलचं पत्र आलं की पायातच विसंगती आहे. पस्तीस मिनिटं बोललो.
तो म्हणाला, "म्हंजे घर बांधून झालं, अन् पाव्हण्यानं येऊन सांगितलं की पायाच न्हाय."
ढोबळमानानं हो, म्हणालो.
आज जाऊन बघतो तर भिंतीवर पडकं घर. दगड, माती, वासे. पुढं एक माणूस उकिडवा बसलेला, हातात पत्र. मागं पत्र्याचं शेड! मी म्हणालो, जर्मनीत असलं शेड नसतं, आणि फ्रेगे प्राध्यापक होता, असा उकिडवा बसणार नाही.
बंडप्पा ब्रश धूत म्हणाला, "त्र्याण्णवच्या भूकंपाला म्या सोळा वर्सांचा होतो सर. सकाळी आमचे आण्णा आसंच बसले हुते. शिकलेला आसू द्या, न्हायतर आडाणी, त्या टायमाला माणूस आसाच बसतो."
विषयांतर. पण रंग वाळला होता, म्हणून ठेवलं. शेडबद्दल तळटीप द्यावी लागेल.

५ जून
गोडेल. माझ्या मते हे शिखर. अपूर्णतेचा सिद्धान्त नऊ फुग्यांत बसवला होता. बंडप्पानं विचारलं, ह्यो माणूस मेला कशानं? मी सहज सांगून टाकलं: जेवणात कुणी विष घालील ही धास्ती होती, बायकोनं चाखल्याशिवाय खायचा नाही, ती दवाखान्यात पडली, तसं यानं खाणंच सोडलं आणि उपासमारीनं गेला.
चूक झाली. सांगायला नको होतं.
आता भिंतीवर तीन चौकटी. बाई ताटातला घास चाखतेय. बाई दवाखान्याच्या खाटेवर. तिसऱ्या चौकटीत भरलं ताट आणि पुढं हा हडकुळा माणूस, हात मांडीवर. एकही शब्द नाही. सिद्धान्त कुठं आहे, असं ओरडलो. बंडप्पा म्हणाला, बसत न्हाय.

१३ जून
प्रतिसाद प्रचंड. एसटीची वाट बघणारी माणसं भिंतीपाशी उभी राहतात. आज एक म्हातारी ताटाच्या चित्रापुढं बराच वेळ उभी होती. भूम-धाराशिव गाडी तिच्यादेखत गेली. पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "बाबा, कुणी शेजाऱ्यानं तरी एक घास खाऊन दावायचा की ह्याला."
याचा अपूर्णतेच्या सिद्धान्ताशी काहीही संबंध नाही, हे मी तिला समजावलं. दुसरी गाडीही गेली.
माझी चारशे शब्दांची प्रस्तावना बंडप्पानं भिंतीच्या पार टोकाला, कडुलिंबाच्या सावलीत घेतली आहे. तिच्यासमोर कायम सात-आठ मोटारसायकली लागलेल्या असतात. वाचक मिळतोय.

२१ जुलै
विषयनिवडीची यादी लागली. तर्कशास्त्र: सत्तावीस!
विषय वाचला. मी वाचलो. प्राचार्यांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, बंडप्पाला माझा नमस्कार सांगा. मोठ्या माणसांची अभिनंदनाची पद्धत अप्रत्यक्ष असते.
शुभांगीनं शिरा केला. म्हणाली, आता तरी वर्गात थोडं कमी बोला. हिचा आनंद असा व्यक्त होतो.

१२ ऑगस्ट
पहिला तास. सत्तावीस चेहरे. विभागात एवढे चेहरे मी एकदम कधी पाहिले नव्हते. व्याख्या लिहून द्यायला घेतली. दहा मिनिटांत मागचा बाक खिडकीतून भिंतीकडं बघायला लागला.
निकिता म्हणून एक मुलगी आहे. तिनं उठून विचारलं, "सर, एवढा हुशार माणूस. उपाशी राहिल्यावर आपण मरू, एवढं त्याला कळलं नव्हतं का?"
मी म्हणालो, हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही.
ती म्हणाली, "पण आम्ही तेवढ्यासाठीच हा विषय घेतलाय."
मी फळ्याकडं वळून उरलेली व्याख्या लिहायला घेतली. बावीस वर्षं शिकवतोय. घंटा व्हायला पंचवीस मिनिटं होती. ती फार हळू गेली.

१४ ऑगस्ट
बंडप्पाच्या दुकानी गेलो. सहजच. वर्गात येऊन सांगशील का, विचारलं. तो नंबरप्लेटवरून नजर न काढता म्हणाला, "म्या सातवी पास माणूस. मला बोलता येत न्हाय. तुमी बोला, म्या काढतो. फकस्त थोडकं बोला."
थोडकं म्हणजे किती, विचारलं.
"मला ऐकून काढता येईल एवढं."

२१ ऑगस्ट
आज दोघांचा मिळून तास झाला. मी चार मिनिटं बोललो, बाकीचा वेळ बंडप्पा फळ्यावर काढत होता. सत्तावीसच्या सत्तावीस पोरांची नजर फळ्यावर. एक चित्र झालं की तो बाजूला सरकायचा, मग मी फळा पुसायचो.
प्राचार्य दारातून बघत होते. नंतर म्हणाले, फळा चांगला पुसता तुम्ही.