हेडफोनला शिवलेल्या गाद्या

लालबाग,
४ डिसेंबर २०२४

प्रिय पॉलीन बाय,

आशीर्वाद द्यायला मी मोठी नाही आणि पाया पडून घ्यायला तू म्हातारी नाहीस, म्हणून सरळच विचारते, कशी आहेस? फ्लॅविया, जावई आणि नातवंडं बरी ना? तुमच्याकडे आता उन्हाळा लागला असेल. नाताळात घामाघूम होणारे लोक मला अजून नीट डोळ्यांसमोर आणता येत नाहीत.

आम्ही मजेत. आमचे हे, म्हणजे तुझे दगडूभाऊ, गुडघ्याचं निमित्त करून भाजी आणायचं टाळतात आणि त्याच गुडघ्यांवर क्रिकेट बघायला शिवाजी पार्कपर्यंत चालत जातात. विनीत त्याच्या नोकरीत बुडालेला. सूनबाई सलोनी घरूनच काम करते, त्यामुळे दुपारी मला कुकर लावायचा तरी तिच्या मीटिंगची वेळ विचारून लावावा लागतो. बोंबील मात्र सध्या फार सुरेख येतायत.

हे पत्र तुझ्या भावाच्या, कास्मीरच्या सामानातून येतंय. सोबत एक डबा आहे. डब्यात खायचं काही नाही हे आधीच सांगते, नाहीतर उघडल्याबरोबर मला शिव्या घालशील. आत हेडफोन आहेत. कानावर बसणारा भाग एका बाजूने जाड, एका बाजूने पातळ, वरून जांभळी मखमल. बघून हसू येईल. हसून घे आणि मग पुढे वाच.

हेडफोन मूळचे सलोनीचे. त्यांच्या गाद्यांवरचं नकली चामडं सुटलं होतं, आणि मीटिंग संपली की पोरीच्या गालांवर काळे पापुद्रे चिकटलेले दिसायचे. ती टाकून देणार होती, मी मागून घेतले. विनीतला लॅमिंग्टन रोडवरून तयार गाद्या आणायला लावल्या. तिथल्या दुकानदाराने त्याला सांगितलं की या गाद्या जरा पिळल्या की निघतात, आणि आवाज चांगला की वाईट हे अर्धं तर गादीच ठरवते. किती जाड, कुठल्या कापडाची, कान किती झाकते, सगळं त्यावर. विनीतने घरी येऊन मला हे मोठ्या कौतुकाने समजावलं. मी म्हटलं, बाळा, हे आम्हाला तुझ्या जन्माआधीपासून माहीत आहे.

आठवतो ना आपला बोर्ड? परळच्या मिलच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर आपण दोघी, आणि हेडसेट एकच. ते काळं, टणक बोंडूक आळीपाळीने कानावर. घामाने कान सोलून निघायचा, म्हणून प्रत्येकीच्या पर्समध्ये स्वतः शिवलेलं कव्हर असायचं. माझं गोधडीसारखं जाड, त्यामुळे फोन करणारा प्रत्येक माणूस मला पांघरुणातून बोलल्यासारखा वाटायचा. तुझं बारीक भोकांचं, हलकं. तू नुसत्या श्वासावरून सांगायचीस की लाईनवर मोठे साहेब आहेत. मी तुझ्यावर जळायचे, हेही आता सांगून टाकते.

तर या नव्या गाद्या कुणासाठी, ते सांगते. आमच्या शेजारच्या कौसल्याकाकी कानामागे मशीन लावतात. त्यांनी नुसता फोन कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं. मशीनचाच आवाज कशावर तरी आपटून परत मशीनमध्ये शिरतो, आणि मग ते किंचाळत सुटतं. शिट्टी अशी की दाढेपर्यंत कळ जाते. बाजारातल्या पातळ गाद्या मशीनवर दाबून बसायच्या, तेव्हाही तेच. म्हणून मी ठरवलं की मशीनला आत ऐसपैस बसता येईल अशी गादी आपणच शिवायची.

स्पंज कुठून आणू? कपाट उपसलं तर माझे जुने पंजाबी ड्रेस निघाले, खांद्यांना पॅड लावलेले. त्या काळी आपण सगळ्याजणी खांद्याने दारं उघडत चालायचो. ते पॅड उसवून एकावर एक रचले. गादी खोल झाली, शिट्टी थांबली, पण आवाज घागरीतून यायला लागला. नुसतं घुमघुम, शब्द एक कळेल तर शपथ. ह्यांना लावून बघायला दिले तर म्हणाले, गणपतीतली बँजो पार्टी डोक्यावरून चाललीय.

मग आपल्या बोर्डाची अक्कल वापरली. वरचं रेक्झिन काढलं आणि मऊ मलमल लावली. मलमल कपाटातच होती, धुऊन घडी घातलेली. पुन्हा पहिला प्रयोग ह्यांच्यावरच. हेडफोन लावून मॅचची कॉमेंट्री ऐकत बसले होते. जरा घाम आला असेल, आणि एकदम उठून उभे राहिले, शॉक बसतोय म्हणून हेडफोन सोफ्यावर फेकले. कान लालबुंद. त्याच हातांनी डोळे चोळले, मग डोळेही लाल. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला कुटून आणला की मी तो ज्या मलमलीतून वस्त्रगाळ करते ना, तीच ती. किती धुतली तरी मालवणी तिखट सुताला धरून बसलेलं. ती संपूर्ण संध्याकाळ हे दोन्ही कानांना दही लावून टीव्हीसमोर बसले होते, आणि सलोनी कामाच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून हसत होती.

शेवटी दादरहून ही मखमल आणली. जांभळीच उरली होती. आतल्या अस्तराला शिवणाच्या सुईने गोल भोकं पाडली तेव्हा आवाज घागरीतून बाहेर आला. मला वाटलं आणखी पाडावीत, तर तो इतका पातळ झाला की बोलणाऱ्याला ताप आलाय असं वाटावं. अस्तर उसवलं, नवं घातलं, पुन्हा बेताने भोकं पाडली. मग कानाच्या पुढच्या बाजूला गादी चेपून शिवली आणि मागच्या बाजूला फुगती ठेवली, म्हणजे मशीनला मागे जागा राहते. त्या दिवशी सलोनी खाली रस्त्यावर गेली आणि तिथून फोनवर मी दिलेली नावं वाचायला लागली. सावंत, शहा, चौबळ, शिर्सेकर, आपल्या ऑफिसातलीच सगळी. स, श, च ही मशीनवाल्यांची दुखणी. बाकीचा शब्द कानापर्यंत पोचतो, ही अक्षरं वाटेतच गळून जातात. त्या दिवशी एकही गळलं नाही. मला रडूच आलं. म्हणजे कौसल्याकाकींसाठी बरं वाटलं, असं म्हण.

आता पॉलीन, इतकं हसवून झाल्यावर जे लिहायचं होतं ते लिहिते.

माझे थोरले भाऊ, आपले नाना, उन्हाळ्यात गेले, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी तुला फोन केला होता. फ्लॅवियाने उचलला. मी म्हटलं, आईला दे. ती आत गेली, बऱ्याच वेळाने परत आली आणि म्हणाली, मम्मा झोपलीय. मला मागून तुझं खोकणं ऐकू आलं होतं. त्यानंतरही तू कधी फोनवर आली नाहीस. रोज सकाळी फुलांची चित्रं मात्र पाठवत होतीस. ज्या नानांनी गौरीगणपतीला माझ्या आधी तुला पान वाढलं, त्यांच्यासाठी हिला माझ्याशी दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत, असं मी धरून बसले. फार राग आला होता. परदेशी गेली आणि बदलली, असंही मी ह्यांच्याजवळ बोलले.

मग दिवाळीत कास्मीर फराळाला आला. मी तुझ्याबद्दल काही तिरकं बोलले, तशी त्याने हातातली करंजी खाली ठेवली. म्हणाला, तिला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. मशीन आहे, पण साधं आहे, फोनला आपोआप जोडलं जाणारं नाही. फोन धरला की शिट्टी मारतं म्हणून तिने ते खणात टाकून दिलंय. चर्चमध्येही नुसती बसून येते. आणि नाना गेल्याचं कळलं त्या दिवशी ती दारामागे उभी राहून रडत होती. मी काय बोलतेय ते कळणार नाही आणि भलतंच काही उत्तर जाईल, या भीतीने ती फोनवर आली नाही. "सुचित्राला कळता कामा नये," असं तिने आम्हा सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय, असंही तो म्हणाला. त्याच्यावर रागावू नकोस. त्याने सांगितलं नसतं तर मी अजून रुसूनच बसले असते.

तेव्हा गाद्या तुझ्यासाठीच आहेत, हे तू केव्हाच ओळखलं असशील.

पण एक गोष्ट तुला ओळखता आलेली नसणार. कौसल्याकाकींच्या कानात मशीन नाही. त्यांचे कान इतके तिखट आहेत की आम्ही त्यांच्याबद्दल घरात काय बोलतो तेही त्यांना भिंतीपलीकडे कळतं. मशीन माझ्या कानात आहे. पावसाळ्यापासून. सलोनी मला डॉक्टरकडे घेऊन गेली, आणि मी तिला तोंड बंद ठेवायची शपथ घातली. केस कानावरून ओढून घ्यायला लागले. हे म्हणाले, नवीन फॅशन का? मी हो म्हटलं.

कास्मीर घरी गेल्यावर मी सलोनीसमोर बडबडत होते, की इतक्या वर्षांच्या मैत्रिणीपासून कुणी असं लपवतं का, माझ्यापुढे तिला कसली लाज. सलोनी लॅपटॉप मिटून म्हणाली, "आई, सॉरी, पण आंटींनी लपवलं म्हणून तुम्ही एवढ्या हर्ट झालात. मग तुम्ही बाबांपासून काय लपवताय?"

पॉलीन, मला लाज वाटत होती, दुसरं काही नाही. आयुष्यभर कानांवर पोट भरलं आणि तेच आधी गेले, हे कुणाला सांगायलाच नको वाटायचं. तुला काय वाटत असेल ते मला आता कुणी समजावून सांगायला नको.

त्याच दिवशी ह्यांना सांगितलं. त्यांनी माझे केस बाजूला केले, मशीन नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "म्हणजे तुला खरंच ऐकू येत नव्हतं? मला वाटलं, तू नेहमीसारखं ऐकून सोडून देतेयस." त्यानंतर ते घरभर ओरडून बोलायला लागलेत. तेवढं ओरडायची गरज नाही हे त्यांना अजून पटवता आलेलं नाही.

आता नीट वाच. मशीन खणातून काढ आणि नवीन सेल घाल. मशीन कानातच ठेवायचं आणि हेडफोन त्याच्यावरून घालायचे, फुगती बाजू मागे. फोनला कसे जोडायचे ते फ्लॅविया दाखवेल. सलोनी म्हणते की आंटींशी टाईप करून बोला. पण तुझं हसणं टाईप करून कसं येणार?

पुढच्या रविवारी, तू चर्चमधून घरी पोचलीस की मी फोन करणार आहे. पहिल्या खेपेला सगळं कळणार नाही, मलाही कळलं नव्हतं. न कळता हो हो म्हणू नकोस. परत सांग म्हण, मी परत सांगेन. मला नाही कळलं तर मी तुला विचारेन. एका गोष्टीला सबंध दुपार गेली तरी चालेल, आपल्याला आता कुठे ड्यूटीवर जायचंय?

नाना गेल्यापासून त्यांच्याबद्दल मी कुणाजवळ धड बोललेली नाही. इथे सगळे होते, तरी जमलं नाही. ते बोलणं मी तुझ्यासाठी ठेवून दिलंय. तेवढं ऐकायला तू फोनवर ये.

तुझ्याइतकंच कमी ऐकू येणारी, तुझीच
सुचित्रा