फोरमन आणि टेंपररी

घमापुर, जबलपूर
२० फेब्रुवारी १९६६

चि. सौ. बेबी हिस आईचे आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल. म्हणजे पत्रात लिहिण्यापुरते खुशाल. तुझ्या अण्णांचा दमा थंडीबरोबर गेला. मटार इतका स्वस्त झालाय की सुनेत्रा आणि मी दुपारभर सोलतच असतो. जावईबापूंना रेल्वेचं मोठं क्वार्टर मिळालं हे वाचून आनंद झाला. आता अंगण आहे तर आधी तुळस लाव, पपई मग.

पत्र लिहायला कारण तसं किरकोळच आहे. अण्णांनी दुसरा कुत्रा आणायचं मनात घेतलं आहे. गोरखपुरात त्यांच्या फॅक्टरीतल्या जुन्या सोबत्याकडे कुत्री व्याली, त्यातलं एक पिल्लू त्यांनी सांगूनही ठेवलं. मी म्हटलं, एक आहे तो काय थोडा आहे? फोरमन आता सात वर्षांचा झाला, एका कानाने ऐकत नाही, पोळी दुधात कुस्करून द्यावी लागते. त्यात आणखी एक. एक ना धड भाराभर चिंध्या. दोघं मिळून भुंकले तर शेजारच्या तिवारीणबाई आहेतच, "भाभीजी, हमारे मुन्ने के इम्तहान हैं" म्हणत यायला.

आठवतं ना, विनू फॅक्टरीत लागला तेव्हा हे पिल्लू कोटाच्या खिशात घालून घरी आला होता? फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवतो म्हणून त्यानेच नाव ठेवलं फोरमन. अण्णा किती चिडले होते. "जन्मभर मी चार्जमनचा फोरमन झालो नाही, अन् तू कुत्र्याला काहून बढती देऊन राहिला?" तुझा भाऊ इतका हसला की पायरीवरून पडता पडता वाचला.

असो. दुधाचं आणि तिवारीणबाईंचं लिहिलं खरं, पण माझी अडचण ती नाही. तू पोटची, तुझ्यापासून काय लपवायचं.

संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला की फोरमन उठतो, फाटकाशी जातो आणि शेपूट हलवतो. विनू सायकलवरून घरी यायचा तेव्हापासूनची ती सवय. तो फॅक्टरी सोडून फौजेत गेला, सवयही सुटली, हे तूही पाहिलंस. सप्टेंबरात विनू बेपत्ता झाल्याची तार आली आणि दिवाळीपासून ती परत लागली. बरं, नुसता फाटकाशी जात नाही. तिथून पायरीपर्यंत, दिसत कोणी नसताना, कोणाच्या तरी पायांत घोटाळत येतो, आणि विनू ज्या खांबाला सायकल टेकवायचा तिथे बसून वर बघत राहतो. मी म्हणत होते, भोंग्याची सवय आहे मुक्या जिवाला. पण लढाई संपली, रविवारचा ओव्हरटाइम बंद झाला, रविवारी आता भोंगा वाजत नाही. फोरमन रविवारीही जातो.

पस्तीस वर्षं अण्णांनी फॅक्टरीत गेज लावून मापं तपासली. ते म्हणतात, "एका गेजवर मी कधी माल पास केला नाही. एक गेज झिजलेलं असू शकते. दुसरं लावून पाहायचं. नवं पिल्लू विनूला ओळखत नाही. तेही उठून फाटकाशी गेलं, तर समजायचं, कोणीतरी येऊन राहिलं."

आणि नाही गेलं तर? ते मी विचारलं नाही. याच महिन्यात पाकिस्तानातून आपले कैदी परत आले. त्यांत विनू नव्हता. त्याबद्दल घरात कोणी बोलत नाही, कुत्र्याबद्दल बोलतात.

मधल्यामध्ये सुनेत्रा आहे. तिच्या भावाने, अच्युतने, अकोल्याहून लिहिलंय, की जुलैपासून तिला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला बसवतो, एप्रिल संपायच्या आत कळवा. चोवीस वर्षांची पोर. लग्नाला दोन वर्षं, त्यातली दीड विनू छावणीत. अण्णा म्हणतात, "तो आला अन् बायको घरी नसली तर?" ती मान खाली घालून मटार सोलते.

झाकली मूठ सव्वा लाखाची, बेबी. एकच कुत्रा आहे तोवर मूठ झाकलेली आहे. तू अण्णांना लिही, की घरात एक पुरे. माझं नाव घेऊ नकोस.

तुझी
आई


घमापुर
१३ मार्च १९६६

चि. बेबी, आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पिल्लूही आलं. उंटावरून शेळ्या हाकायला तुला मीच सांगितलं, त्यामुळे आता बोलायला तोंड नाही. पण "एकापेक्षा दोन बरे, एकमेकांना सोबत होते" असं तू लिहावंस? अण्णांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं.

पिल्लू पांढरं आहे, एका डोळ्याभोवती काळं. त्याला कायमचं नाव द्यायला मी तयार नव्हते. लढाईत फॅक्टरीत भरलेल्या टेंपररी लोकांना आता घरी पाठवताहेत, तसंच हेही जाईल, म्हणून मी त्याला टेंपररी म्हणू लागले. आता तेच नाव पडलं आणि ते हाकेला येतंसुद्धा.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला ओसरीवरच काम निघालं. अण्णा खुर्ची टाकून बसले, मी तांदूळ निवडायला घेतले, सुनेत्रा कपड्यांच्या घड्या घालत होती; एकाच साडीची घडी घालायची, मोडायची, परत घालायची. भोंगा झाला. फोरमन गेला. टेंपररी माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपलं होतं. फोरमन कोणाच्या तरी पायांत घोटाळत पायरीशी आला, खांबाजवळ बसला. टेंपररीने एक डोळा उघडला, जांभई दिली आणि परत मिटला.

आठवडाभर हेच. अण्णांचं जेवण अर्ध्यावर आलं. मग एका दुपारी भाजी निवडता निवडता सुनेत्रा म्हणाली, "आई, मी अच्युतदादाला हो कळवू?" मी म्हटलं, कळव. आणि ती रडली. मोठ्याने, तार आल्यापासून पहिल्यांदा. तिवारीणबाई कुंपणावरून डोकावल्या, "क्या हुआ बहू को?" मी म्हटलं, "कुछ नहीं, रोने दो." त्या दिवशी ती पोटभर जेवली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. पोरगा गेला हे कबूल करून मी सुनेला भाकरी वाढत होते.

गेल्या मंगळवारी भोंगा झाला आणि टेंपररी उठलं. फोरमनच्या मागोमाग फाटकाशी गेलं आणि शेपूट हलवायला लागलं. अण्णा ताडकन उभे राहिले. "पाहिलं? दुसरं गेज लागलं!" त्यांनी धावत जाऊन फाटक उघडलं. रस्त्याने फॅक्टरीतून सुटलेल्यांच्या सायकली चालल्या होत्या, आपल्याकडे वळणारं कोणी नव्हतं. तरी अण्णा फाटक धरून बाजूला सरले, आत येणाऱ्याला वाट द्यावी तसे. तांदळाचं ताट हातातून सुटलं.

सुनेत्राने घड्या खाली ठेवल्या, आत गेली आणि चहाला आधण टाकलं. मी मागे जाऊन पाहिलं तर ओट्यावर चार कप मांडलेले. आम्ही घरात तिघं. मी एक कप उचलून फळीवर ठेवला, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तो परत काढला.

अच्युतला तिने नकार कळवला.

लहान कुत्रं मोठ्याचं पाहून शिकतं, हे मला कळतं. तू नाही का लहानपणी अण्णांच्या मागे हात बांधून चालायचीस? पण हे अण्णांना सांगणार कोण? दोन दिवस विचार केला आणि मग त्यांच्याच भाषेत बोलले. म्हटलं, "अहो, दोन गेज एकमेकांना बांधून कोणी माप घेतं का? वेगवेगळी लावून पाहा ना." मग म्हणाले, "बरोबर बोलून राहिलीस तू. पण पाठवायचा कोणता?"

मी म्हटलं, फोरमन.

विनूच्या पाठीवर बसून नदीला गेलेला, त्याच्या ताटातला शेवटचा घास खाल्लेला घरात तोच एक उरलाय. पण शिकवणारा तो आहे. तो इथे राहिला तर ही पोर चार कप चहा करत चोवीसची चौसष्ट होईल. पाडव्याला जावईबापू येणार आहेत, तेव्हा गार्डला सांगून त्याला नागपूरला घेऊन जाऊ देत. त्याला उकडलेला बटाटा आवडतो. बोलायचं ते डाव्या कानाशी, उजवा गेलाय.

तुझी
आई


घमापुर
१७ एप्रिल १९६६

चि. बेबी, आशीर्वाद.

फोरमन रुळला हे वाचून जीव भांड्यात पडला. तू सहज एक ओळ लिहिली आहेस, की तो संध्याकाळी कुठेच जात नाही, तुझ्या खाटेखाली पडून असतो, फाटकाकडे ढुंकूनही पाहत नाही. बाकी सगळं पत्र मी अण्णांना वाचून दाखवलं, ती ओळ गाळली, नाहीतर म्हणाले असते, येणारा इथेच येतो.

फोरमन गेल्यावर अण्णा रोज टेंपररीला पायाशी घेऊन बसायचे. भोंगा व्हायचा, टेंपररी माशा पकडत राहायचं. एकदा फाटकापर्यंत गेलं, फोरमनला इकडेतिकडे शोधलं आणि परत आलं. अण्णांनी त्याला चुचकारलं, ढकललं, एकदा तर चक्क रागावले, "जा ना बाबा!" ते बिचारं उताणं पडून पोट दाखवायला लागलं. त्या दिवशी अण्णा खुर्ची उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्टूल मागितलं आणि ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना चिकटवलेला काळा कागद ओल्या फडक्याने सोडवायला घेतला. लढाई थांबून इतके महिने झाले, त्यांनी त्याला हात लावू दिला नव्हता. घरात एकदम उजेड आला आणि कोपऱ्याकोपऱ्यातली जळमटं दिसली. मग स्टुलावरूनच सुनेत्राला हाक मारून म्हणाले, "बेटा, अच्युतला लिही. जा तू, शीक. आमच्यासाठी बसू नको." तिने विचारलं, "अण्णा, ते आले तर?" "आला तर मी सांगीन त्याला, मीच धाडलं म्हणून." आणि मग हा माणूस स्टुलावर बसून लहान मुलासारखा रडला. सुनेत्राही रडली. मी कागदाचे तुकडे गोळा केले.

अच्युत काल आलाय. मंगळवारी दोघं निघतील. मी सुनेत्राला घेऊन बडा फुहाऱ्याच्या बाजारात गेले होते, कॉलेजात नेसायला दोन सुती साड्या घेतल्या. दुकानदार पांढरी, राखाडी असलं काही काढून राहिला होता, तिने हात लांब करून वरची निळी मागितली. किती छान दिसते गं तिला.

आता पुढचं फक्त तुझ्यासाठी. वाचून झालं की चुलीत घाल.

परवा संध्याकाळी अण्णा आत आडवे झाले होते, सुनेत्रा ट्रंक भरत होती. मी एकटीच पायरीवर. भोंगा होऊन बराच वेळ झाला होता, सायकलींची गर्दी ओसरली होती. टेंपररी झोपलं होतं, ते एकदम उठलं. फाटकाशी गेलं आणि शेपूट हलवू लागलं. मग फाटकापासून पायरीपर्यंत कोणाच्या तरी पायांत घोटाळत आलं, खांबाशी बसलं आणि वर बघत राहिलं. तिथे त्याला शिकवायला कोणी नव्हतं. फोरमन तुझ्या खाटेखाली होता, नागपुरात.

कुत्र्याचं पोर, त्याचा काय भरवसा. शिकलेलं उशिरा आठवलं असेल. मी स्वतःला तेच सांगते आहे. काल परत तसंच झालं.

आतून सुनेत्राने विचारलं, "आई, टेंपररी काहून कुंई कुंई करून राहिलं?" मी म्हटलं, भूक लागली त्याला. उचलून मागच्या अंगणात नेलं आणि नळाशी बांधलं. ते फाटकाच्या दिशेने दोरी ताणत होतं. आज संध्याकाळ व्हायच्या आधीच बांधणार आहे, उद्याही. ती गाडीत बसेपर्यंत तिला हे दिसता कामा नये. तिला दिसलं तर ती निळी साडी ट्रंकेत जाईल आणि सुनेत्रा या ओसरीवर बसून राहील; माझ्याच डोळ्यांदेखत म्हातारी होईल.

कुत्र्याला बांधून मी परत आले आणि खांबाशी उभी राहिले. मला काही दिसलं नाही. काही ऐकू आलं नाही. खोटं लिहिणार नाही. तरी बोलले. म्हटलं, "विनू, मी आहे इथे. तिला हाक मारू नकोस." इतक्या महिन्यांत त्याचं नाव मी त्याला उद्देशून पहिल्यांदा घेतलं. मग रडले, तोंडात पदर धरून, आत आवाज जाऊ नये म्हणून.

फोरमनला आता परत पाठवू नकोस, अण्णांनी कितीही लिहिलं तरी. दोन कुत्रे झाले की ते खात्री करायला बसतील, आणि त्यांची खात्री पटली की सुनेला परत बोलावतील. तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक, हेच बरं. अण्णांना मी सांगितलंय, दोघांचं दूध परवडत नाही.

बुधवारपासून टेंपररीला मोकळं सोडीन. मग ज्याला यायचं असेल त्याने खुशाल यावं. मी घरीच आहे.

तुझी आणि विनूची
आई